लिंबूटिंबू

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळी जागा होती. संध्याकाळी साडेपाचनंतर तिथे डबा ऐसपैस रंगायचा. खेळायला बारा-तेरा जण, त्यात मी सगळ्यांत लहान. मला सोबत न्यायचं ही आईची अट असल्यामुळे दादा मला न्यायचा, आणि डाव सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकायचा, "ही लिंबूटिंबू हां!" एवढ्याने माझं ठरून जायचं. मी पळू शकत होते, लपू शकत होते, पण सापडले तरी आउट होत नव्हते आणि माझ्यावर राज्य कधी येत नव्हतं. बाकीची मुलं राज्य आलं की कुरकुरायची. मी राज्य मिळावं म्हणून रडायचे. एकदा मी जिन्याखालून धावत येऊन डब्याला अशी लाथ मारली की तो थेट गटारापाशी गेला. सगळे सुटायला हवे होते. पण राज्य असलेल्या मुलाने शांतपणे डबा उचलला, जागेवर आणून ठेवला आणि पुढचं नाव पुकारलं. लिंबूटिंबूने उडवलेला डबा धरत नाहीत.

आपलं आउट होणं धरत नसतील तर आपलं डबा उडवणंही धरत नाहीत, हे मला वयाच्या सातव्या वर्षी गटाराच्या कडेला उभं राहून कळलं. पुढे तीस वर्षांनी, ज्यांना लोक 'छळणारे गेम' म्हणतात अशा व्हिडिओ गेमपाशी मी येऊन थांबले, त्याचं मूळ मला त्या डब्यात दिसतं. हे पुस्तक त्या गेमबद्दल आहे. माणूस दिवसभर राबून घरी येतो आणि रात्री अशा गेमसमोर बसतो जो त्याला एका तासात तीस वेळा मारतो. वर त्याला त्यात आनंद वाटतो, आणि दुसऱ्या रात्री तो पुन्हा बसतो. हे असं का होतं, हा एकच प्रश्न मी पुढच्या पानांत वेगवेगळ्या बाजूंनी विचारला आहे.

तो प्रश्न मुळात माझा नाही, माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईचा आहे. मी घाटकोपरला नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. एके दिवशी या बाईंचा फोन आला, "मिस, तो रात्री ते गेम खेळत बसतो, तुम्ही जरा समजवा." मी असल्फाच्या चढावरच्या त्यांच्या घरी गेले. मुलाने कुणाकडून तरी सेकंडहँड प्लेस्टेशन घेतला होता आणि त्यावर 'सेकिरो' लावला होता. २०१९ साली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने काढलेला हा गेम. एका हाताचा शिनोबी, आशिना नावाचा किल्ला, आणि किल्ल्याच्या माथ्यावर वाट अडवून उभा असलेला जेनिचिरो. आम्ही दोघी पलंगावर बसलो आणि मुलगा खाली सतरंजीवर. आमच्या डोळ्यांदेखत तो चौदा वेळा मेला. प्रत्येक वेळी पडद्यावर 'मृत्यू' या अर्थाचं लाल जपानी अक्षर यायचं, आणि तो काही न बोलता पुन्हा उभा राहायचा. शेवटी आईला राहवलं नाही. "अरे, तो तुला सारखा मारतोय, मग कशाला खेळतोस?"

मुलाने मान न वळवता उत्तर दिलं, "आई, आता तो कधी मारणार ते मला कळतं."

मी समजवायला गेले होते. त्या वाक्यानंतर समजवायचं राहून गेलं आणि मीच त्याच्या शेजारी खाली बसले.

तो काय म्हणत होता ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सेकिरोमध्ये समोरच्याचं रक्त कमी करण्यापेक्षा त्याचा तोल मोडणं महत्त्वाचं असतं. तलवार अंगावर येते त्या नेमक्या क्षणी आपली तलवार आडवी घातली तर ठण्ण असा स्वच्छ आवाज येतो, ठिणगी उडते आणि त्याचा तोल थोडा ढळतो. क्षणभर आधी किंवा नंतर घातली तर आवाज बोदा येतो आणि तोल आपला जातो. म्हणजे बरोबर-चूक कानाने कळतं. आणि तो जेव्हा तलवारीचं टोक पुढे काढून भोसकायला येतो, तेव्हा अंग आपोआप मागे सरतं, आणि मागे सरलं की हमखास मरण. तिथे मागे न जाता त्याच्या अंगावर पुढे जायचं असतं. मग आपला पाय त्याच्या तलवारीवर पडतो आणि ती जमिनीला टेकते. हे कुणी सांगितलं तरी अंगाला पटत नाही. दहा-बारा वेळा मागे सरून मरावं लागतं. त्यानंतर एकदा पाय पुढे पडतो, तो आपण टाकला की आपोआप पडला हे सांगता येत नाही, आणि त्या क्षणी पोटात जे काही हलतं त्याच्यासाठी हे सगळे लोक रात्री जागे असतात. शेवटच्या टप्प्यात जेनिचिरो वीज फेकतो. ती उडी मारून हवेतच अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत तलवारीने त्याला परत करायची. पहिल्यांदा ती वीज परत गेली तेव्हा त्या खोलीत आम्ही तिघंही ओरडलो होतो.

जेनिचिरो बेभरवशाचा नाही. त्याचे वार ठरावीक आहेत, प्रत्येकाची चाहूल ठरावीक आहे. तो दया दाखवत नाही, पण फसवणूकही करत नाही. आपण मेलो की कशाने मेलो हे दिसतं, आणि थोड्याच वेळात आपण पुन्हा त्याच्यासमोर उभे असतो. माझ्या मते या गेमचा सगळा जीव इथे आहे. लोक अवघडपणावर प्रेम करतात असं आपण म्हणतो, पण नुसता अवघडपणा कुणालाच नको असतो. तसा तो आपल्या उपनगरांत रोज फुकट मिळतो. मेगाब्लॉकच्या रविवारी घाटकोपरच्या पुलावर अर्धा तास अडकलेल्या माणसाला अवघडपणा हवा म्हणून गेमकडे जावं लागत नाही. पण त्या पुलावर आपण अडकतो यात आपली चूक काहीच नसते, म्हणून तिथून शिकण्यासारखंही काही नसतं. उद्या जास्त चांगल्या रीतीने अडकता येत नाही. बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट रखडतं, कटऑफ अर्ध्या टक्क्याने वर जातो, यातलं बरंचसं आपल्या हातात नसतं. जेनिचिरोसमोर मात्र दोष शंभर टक्के माझा असतो. ही वाईट बातमी वाटते, पण तीच चांगली बातमी आहे, कारण दोष माझा असेल तर दुरुस्तीही माझ्याच हातात येते.

माझ्या वर्गातली मुलं चुकलेलं गणित माझ्या नजरेस पडायच्या आत खोडून टाकतात. वहीचा कागद फाटेपर्यंत खोडरबर घासतात. मी कितीदा सांगितलं की खोडू नका, मला चूक बघू द्या, तिथेच तर सगळं लिहिलेलं असतं. नाही ऐकत, कारण त्यांच्या अनुभवात चूक म्हणजे गेलेले मार्क, आणि मार्चमधली परीक्षा एकदाच येते. आणि यातलीच मुलं रात्री एकाच जागी साठ वेळा मरतात आणि तोंड लपवत नाहीत. उलट मित्रांना सांगतात, आज साठ झाले. गेम खेळून त्यांचं गणित सुधारतं, असा दावा मी करणार नाही. तसं मला दिसलेलं नाही. मला एवढंच दिसलं की चुकायला न घाबरणारी हीच मुलं आहेत, माणसं तीच, फक्त जागा बदलली आहे. मग दोष त्यांच्या वयाला किंवा पिढीला देऊन चालणार नाही, जागेकडे बघावं लागेल.

अवघड गेम अचानक आले नाहीत. पण आधीचा अवघडपणा वेगळ्या जातीचा होता, आणि या दोन जातींची गल्लत केली तर पुढचं काहीच कळत नाही. नव्वदच्या दशकात मुलुंड स्टेशनजवळच्या एका गाळ्यात चार मशिनी होत्या. दाराला पडदा, आत अंधार, एका रुपयाला एक डाव. मुली आत जात नसत, मी दादाचा शर्ट धरून पडद्यापाशी उभी राहायचे. सगळी गर्दी 'मुस्तफा'भोवती असायची. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'. त्यातल्या चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा आपल्या पोरांना इतका आवडला की गेमला त्याचंच नाव पडलं. हा गेम हळूहळू कठीण होत जाई आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गिऱ्हाइकाला बाहेर काढी, कारण मशीनचा रुपया त्याच्या मरण्यातून येत होता. तो अवघडपणा गल्ल्यासाठी होता. तरीही एक मुलगा होता, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, जो एका रुपयात शेवटपर्यंत जायचा. तो आला की बाकी तीन मशिनी रिकाम्या पडायच्या आणि सगळे त्याच्या मागे उभे राहायचे. कुणी बोलायचं नाही. गाळ्याच्या मालकाला त्याचं येणं परवडत नव्हतं, पण मालकही गल्ला सोडून बघायला यायचा.

मग घरोघरी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, कंट्रोलरला रिमोट म्हणायचं. त्यातला 'कॉन्ट्रा' सगळ्यांना आठवत असेल, आणि वर-वर-खाली-खाली करत ३० जीव मिळवायची युक्तीही. त्या युक्तीच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली 'ग्रेडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळून बघायला हवा होता, आणि त्यांना स्वतःलाच तो जमेना. म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम घातला, जो दाबला की सगळी शस्त्रं हाती यायची. तो क्रम काढून टाकायचा राहिला आणि पुढे १९८८ च्या घरगुती कॉन्ट्रामध्ये ३० जीव होऊन जगभर पोचला. त्या काळचे घरगुती गेम छोटे असत. नुसते खेळले तर अर्ध्या तासात संपतील एवढे. ते महिनाभर पुरावेत म्हणून अवघड केलेले असत.

मला स्वतःला यातलं पहिलं काही भेटलं ते शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवून १९८९ साली आणलेला गेम. साठ मिनिटांत बारा मजले पार करून राजकन्येपर्यंत पोचायचं. मेकनरने धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओत टिपलं होतं आणि ती चित्रं एकेक करून उतरवली होती, म्हणून राजपुत्र खरा माणूस धडपडावा तसा धडपडायचा. आमच्या लॅबमध्ये कुणीतरी एक शब्द आणला, 'मेगाहिट'. गेम चालू करताना नावापुढे तो लिहिला की दोन बटणं एकदम दाबून थेट पुढचा मजला गाठता यायचा. आम्ही एका तासिकेत बाराव्या मजल्यावर पोचलो. राजकन्या भेटली. पुढच्या आठवड्यापासून त्या गेमला कुणी हात लावला नाही. मला लगेच ओळख पटली: आम्ही सगळे स्वतःहून लिंबूटिंबू झालो होतो.

पुढे कॉलेजात असताना तोच गेम मी तो शब्द न लिहिता खेळले, आणि मग कळलं की बाराव्या मजल्यावर काय हुकलं होतं. चौथ्या मजल्यावर एक आरसा आडवा येतो. त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली वेगळी होऊन पळून जाते आणि पुढे त्रास देत राहते. बाराव्या मजल्यावर ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपलाच जीव कमी होतो. मी किती वेळा मेले, मोजलं नाही. शेवटी एकदा कंटाळून तलवार म्यान केली, तर सावलीनेही केली. मी पुढे चालत गेले आणि ती माझ्यात मिसळून गेली. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती एक हुशार कल्पना म्हणून आठवणीत राहिली असती. मी तलवार उपसून मरत राहिले होते म्हणून ती म्यान करण्याला वजन आलं.

आजच्या छळणाऱ्या गेमचे जनक म्हणून हिदेताका मियाझाकी यांचं नाव घेतात. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून २००४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये आले. तिथे एक प्रकल्प बुडत चालला होता; तो त्यांनी मागून घेतला. बुडीतच गेलाय, तर मनासारखं करून बघू, असा त्यांचा हिशोब होता. त्यातून २००९ साली 'डेमन्स सोल्स' आला. तो बाहेर काढणाऱ्या सोनीलाही त्याच्याबद्दल एवढी शंका होती की अमेरिकेत तो दुसऱ्याच कंपनीने काढला. मग २०११ साली 'डार्क सोल्स', पुढे 'ब्लडबोर्न', सेकिरो, आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला 'एल्डन रिंग', ज्याच्या एका वर्षात दोन कोटींवर प्रती गेल्या. इतक्या लोकांना एकदम छळाची हौस आली असं म्हणणं कठीण आहे.

मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितलेला एक प्रसंग मला या सगळ्याची किल्ली वाटतो. बर्फ पडला होता, एका चढावर गाड्या घसरत होत्या. मागची गाडी पुढच्या गाडीला हलकेच ढकलून वर नेई, असं करत एकेक गाडी माथ्यावर पोचली. पण वर पोचलेल्याला थांबता येईना, थांबला तर पुन्हा अडकणार. ज्याने ढकललं त्याचे आभार मानायचे राहून गेले. यावरून त्यांना सुचलं की गेममध्ये अनोळखी खेळाडूंनी एकमेकांसाठी जमिनीवर दोन शब्द लिहून ठेवावेत, हाक मारली तर थोड्या वेळासाठी मदतीला यावं आणि निघून जावं. म्हणून डार्क सोल्समध्ये अंधाऱ्या वळणाआधी कुणीतरी लिहिलेलं असतं, पुढे सांभाळ. एल्डन रिंगमध्ये मलेनिया नावाची एक योद्धी आहे, तिच्यापुढे भले भले टेकीला येतात. २०२२ साली डोक्यावर मडकं घातलेला एक खेळाडू हाक मारणाऱ्या कुणाच्याही मदतीला जाऊन तिच्याशी एकट्याने लढायचा. हजारहून अधिक लोकांसाठी त्याने तिला हरवलं. गेम काढणाऱ्या कंपनीने त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. हा गेम सोपा असता तर त्या मडक्याला कुणी हाक मारली नसती.

अभ्यासकांनीही या कोड्याला हात घातला आहे. फिनलंडमध्ये निकलास राव्हाया आणि सहकाऱ्यांनी 'सुपर मंकी बॉल २' खेळणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मोजली. गेममधलं माकड कड्यावरून खाली पडलं की, म्हणजे हरल्यावर, हसण्याचे स्नायू जास्त हलले. पण पडण्याचं तेच दृश्य परत दाखवलं, आणि खेळाडूच्या हाती बघण्याखेरीज काही उरलं नाही, की ती खुशी गेली. हे मला फार बोलकं वाटतं. पडणं हसवतं, पण हातात डाव असेपर्यंतच. डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ च्या 'द आर्ट ऑफ फेल्युअर' या पुस्तकात हाच पेच मांडला: माणूस एरवी अपयश टाळतो, गेममध्ये मात्र ते शोधत जातो, आणि ज्यात कधी हरत नाही असा गेम त्याला आवडत नाही. मिहाय चिकसेंटमिहाय यांचा प्रवाहाचा सिद्धांतही या संदर्भात नेहमी सांगतात, की आव्हान आणि कौशल्य तोलामोलाचं असलं की माणूस तल्लीन होतो. सिद्धांत चांगला आहे, पण मला तो इथे पुरत नाही. जेनिचिरोसमोर पहिले दोन तास आव्हान आणि कौशल्य यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तोलामोलाचं काहीच नसतं. तरी माणूस उठत नाही. तल्लीनता शेवटी येते. त्याआधी त्याला धरून ठेवतो तो एक विश्वास, की समोरचा मला भिडू समजतो.

भिडू हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्याकडे हे बघायला दूर जावं लागत नाही. गुरुपौर्णिमा झाली की जोगेश्वरीपासून घाटकोपरपर्यंत मैदानांत, गल्लीत गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. रात्री दहाला कामावरून आलेली मुलं कमरेला पट्टा बांधून खांद्यावर खांदे लावतात. थर चढतो, मधला एखादा पाय थरथरतो, सगळं खाली येतं. कुणी कुणाला बोल लावत बसत नाही. कुठून हललं ते विचारतात आणि पुन्हा तळ बांधतात. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात ९ थर लावले, उंची ४३.७९ फूट, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्यानंतर दहाव्या थराचे प्रयत्न कोसळताना आपण वर्षानुवर्षं पाहिले. १० थर लागले ते २०२५ साली, पुन्हा जोगेश्वरीच्याच मुलांनी, कोकण नगर पथकाने, ठाण्यात. त्याच दहीहंडीला जय जवाननेही १० लावले. पथकातल्या लोकांच्या तोंडी एक फरक नेहमी असतो: थर लावले, आणि थर लावून उतरवले. मान दुसऱ्याला. अर्थात हंडीवरून पडलेल्याचं हाड मोडतं, जीवही जातो. गेममधल्या मरणाला ती किंमत नाही, आणि दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण पडल्यावर "कुठून हललं?" असं विचारणारा तो आवाज मी दोन्हीकडे ऐकला आहे.

आता पालकांसाठी थोडं, कारण हे पुस्तक त्यांच्याही हाती पडेल. मुलगा मोबाइलवर मान घालून बसला की घरात सगळ्याला एकच नाव असतं, गेम. पण फरक करावा लागेल. पैसे लावून खेळायचे गेम, ज्यांच्यावर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आली, ते या पुस्तकाचा विषय नाहीत. तिथे हरलेल्याला कळू नये की तो का हरला, यावरच धंदा उभा असतो. आणि फुकट मिळणारे कितीतरी मोबाइल गेम दुसऱ्या टोकाचे आहेत: काहीही करा, नाण्यांचा पाऊस पडतो, शाबासकी मिळते, आणि सवय लागली की पुढे जाण्यासाठी खिशात हात घालायला लावतात. ते खेळणाऱ्याला लिंबूटिंबू ठेवतात आणि त्याचे पैसेही घेतात. मला त्यांचा राग आहे.

अवघड गेमही निर्धोक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे, जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे, आणि ते योग्यच झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची झोप गेली, जेवण सुटलं, वर्षही गेलं. त्याच्या आईवडिलांनी डॉक्टर गाठला तेव्हा तो सावरला. अशा वेळी गेम किती चांगला आहे यावर चर्चा करायची नसते, मुलाला उठवायचं असतं. असल्फाच्या घरीही शेवटी आम्ही घड्याळ लावलं, रात्री अकराला बंद. जेनिचिरो दुसऱ्या दिवशी तिथेच उभा असतो, हे मुलाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

राहिला एक वाद, ज्यात मी बराच काळ चुकीच्या बाजूला होते. सेकिरो आला तेव्हा जगभर भांडण झालं, की यात सोपा पर्याय असावा की नसावा. माझं म्हणणं होतं, नसावा. सोपं केलं की लिंबूटिंबू आलाच. मग मला अंधेरीला राहणारे एक गृहस्थ भेटले. पक्षाघातानंतर त्यांचा डावा हात अर्धाच चालतो. ते 'सेलेस्ट' खेळत होते, एका मुलीने डोंगर चढण्याचा २०१८ सालचा गेम, चांगलाच कठीण. त्यात खेळाडूला वेग कमी करून घेता येतो. त्यांनी तो थोडा कमी केला होता, अगदी त्यांच्या हाताला पुरेल एवढाच, आणि त्या वेगात ते एका पडद्यावर तीन दिवस पडत होते. तेव्हा मला माझीच चूक दिसली. लिंबूटिंबू आपल्याला दुसरे करतात, आपल्याला न विचारता. ते गृहस्थ स्वतः नियम ठरवून, त्या नियमात पुरते आउट होत होते. त्यांच्याइतका पक्का भिडू मी पाहिलेला नाही. सातवं प्रकरण मी त्यांना भेटल्यावर पूर्ण नव्याने लिहिलं.

प्रकरणांचा क्रम पाळायलाच हवा असं नाही. ज्यांनी कधी गेम खेळलेला नाही त्यांनी गाळ्यातल्या मुस्तफापासून सुरुवात करावी. खेळणाऱ्यांनी सरळ सेकिरोवर जावं. गेमची नावं मी लिहिली आहेत, पण उत्तरं शक्य तिथे लिहिलेली नाहीत. कुठला शत्रू कसा हरतो हे या पुस्तकात शोधायला गेलात तर निराशा होईल.

गेल्या दिवाळीत दादा घरी आला होता. फराळ झाल्यावर त्याने टीव्हीखालचा कंट्रोलर उचलला आणि म्हणाला, "लाव बघू तुझा तो गेम." मी डार्क सोल्स लावला. सुरुवातीलाच एक पडकं कारागृह आहे. हातात मोडक्या तलवारीची मूठ, आणि एका मोठ्या दालनात वरून धाडकन उतरतो तो अगडबंब राक्षस, हातात घराच्या खांबाएवढा सोटा. दादा त्याच्यावर धावून गेला आणि मेला. पुन्हा गेला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मेल्यावर म्हणाला, "जरा सोपं करता येतं का गं याला?" मी म्हटलं, "नाही." त्या दालनात डावीकडे एक दार उघडं असतं, पळून जायला. ते मला माहीत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. आल्याचा तुकडा किसत असताना बाहेरून सोट्याचा आवाज आला, मग शांतता, मग दादाचा पुटपुटण्याचा आवाज. मी दोन कप घेऊन बाहेर आले तेव्हा तो सोफ्यावरून खाली उतरून टीव्हीच्या जवळ सतरंजीवर बसला होता. चहाकडे त्याने बघितलं नाही.

सहाव्या वेळी त्याला डावीकडचं दार दिसलं.